मुंबई ते कराची : अंतर किती, वेळ किती?



शाळेत भूगोल शिकवीत असताना मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारीत असे. "मुंबईला सर्वांत जवळचे मोठे शहर कोणते? दिल्ली, कलकत्ता की कराची?" निम्मा वर्ग दिल्ली म्हणे, काही मुले गोंधळून गप्प बसत. कराचीचे नाव घेणारा क्वचितच एखादा निघे, आणि तोही बहुधा असा मुलगा असे की ज्याच्या घरात कराचीहून आलेले एखादे जुने पत्र पेटीत जपून ठेवलेले आहे.

नकाशा काढा आणि पट्टी लावा. मुंबईच्या विमानतळापासून कराचीचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली हे अंतर साधारण ११४० किलोमीटर, तर मुंबई-कलकत्ता सुमारे १६६० किलोमीटर. म्हणजे आपल्या देशाच्या राजधानीपेक्षा शेजारच्या देशातील हे बंदर आपल्याला अडीचशे किलोमीटरहून अधिक जवळ आहे. आता वेळेचा हिशेब करा. जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. त्यात धावपट्टीवरील वेळ, वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ मिळवला की हा प्रवास दीड तासाच्या आसपास होतो. चर्चगेटहून विरारला लोकलने जायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

परंतु वाचकहो, हा झाला गणिताचा हिशेब. इतिहासाचा हिशेब वेगळा आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या दोन शहरांमधले अंतर एका फुटानेही वाढले नाही किंवा कमी झाले नाही. पण तेच अंतर तोडायला लागणारा वेळ कधी दोन दिवस होता, कधी सात तास, कधी दीड तास. आणि आज तर त्या प्रश्नाला सरळ उत्तरच देता येत नाही. असे का झाले, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

एकाच इलाख्यातील दोन शहरे

इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकले आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याला जोडून टाकले. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ८९ वर्षे, कराची हे मुंबई सरकारच्या अमलाखालील शहर होते. रत्नागिरी, बेळगाव, धारवाड, अहमदाबाद आणि कराची हे सगळे एकाच गव्हर्नरच्या सहीने चालणारे जिल्हे होते. सर बार्टल फ्रियर हे आधी सिंधचे कमिशनर होते आणि पुढे १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईच्या जुन्या कोटाच्या भिंती पडल्या त्या त्यांच्याच काळात. कराचीत आजही त्यांच्या नावाचा 'फ्रियर हॉल' उभा आहे. याच फ्रियर साहेबांनी १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये 'सिंध डाक' नावाची टपालाची तिकिटे सुरू केली. चिकटवण्याची टपाल तिकिटे आशिया खंडात प्रथम निघाली ती ही. पत्रे तेव्हा हरकारे, घोडे आणि उंट यांच्यामार्फत जात.

आपली ही स्मरणिका शिक्षणसंस्थेची आहे, म्हणून शिक्षणाचा धागा मुद्दाम सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि सिंध प्रांत त्याच्याच कक्षेत आला. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ निघाले ते थेट १९४७ मध्ये. तोपर्यंत कराचीच्या मुलांची पदवी मुंबईची. १८८७ मध्ये सुरू झालेले कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज आणि पुढे तेथे निघालेले इंजिनिअरिंग कॉलेज ही दोन्ही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. कराचीतील पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये निघाली. तिला नाव आहे नारायण जगन्नाथ वैद्य या गृहस्थांचे. हे मुंबई इलाख्यातून सिंधमध्ये गेलेले शिक्षणखात्याचे अधिकारी. आज कराचीतील लोक त्या शाळेला 'एन. जे. व्ही.' म्हणतात. त्या तीन अक्षरांत एक मराठी नाव दडलेले आहे, हे त्यांतील किती मुलांना ठाऊक असेल?

मुंबईत १८७४ मध्ये बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. कराचीत १८८५ मध्ये हसनअली एफेंदी यांनी सिंध मदरसतुल इस्लाम सुरू केला. दोघांची तळमळ एकच होती : दीनाच्या तालमीबरोबर इंग्रजी शिक्षण मिळाल्याशिवाय आपली मुले कचेरीत, कोर्टात आणि व्यापारात मागे पडतील. एकाच इलाख्यातील, एकाच समुद्राच्या काठावरील दोन शहरांत अकरा वर्षांच्या अंतराने हे दोन दिवे लागले.

सिंधला मुंबईपासून वेगळे करावे ही मागणी पुढे आली, तेव्हा तिच्या बाजूने जी कारणे दिली गेली त्यांत एक कारण अंतराचे होते. मुंबई दूर आहे, मध्ये संस्थानी मुलूख आहे, मुंबईच्या सरकारला सिंधची दखल नाही, असे सिंधचे पुढारी म्हणत. १९३६ मध्ये सिंध वेगळा प्रांत झाला. हे लक्षात ठेवा, कारण 'दूर' आणि 'जवळ' हे शब्द त्या काळीही केवळ मैलांचे नव्हते.

बोटीचे दिवस

त्या काळी जायचे कसे? रेल्वे होती, पण सरळ नव्हती. मुंबईहून रुंद रुळांच्या गाडीने अहमदाबाद, तेथे गाडी बदलून अरुंद मीटर गेजने मारवाड, लुणी, बारमेर, मुनाबाव असे करीत जोधपूर संस्थानच्या वाळवंटातून सिंधच्या हैदराबादला जायचे, आणि तेथे पुन्हा गाडी बदलून कराची. उन्हाळ्यात या प्रवासात धूळ इतकी की उतरणाऱ्या माणसाला घरचे लोकही ओळखत नसत, असे जुनी माणसे सांगत.

म्हणून कोकणातला माणूस बोटीनेच जाई. समुद्रमार्गाने हे अंतर सुमारे ५०० सागरी मैल. ताशी १२ सागरी मैल चालणारी आगबोट घेतली तर ४० तासांहून थोडा अधिक वेळ. म्हणजे दोन रात्री आणि मधला एक दिवस. आखाताकडे जाणाऱ्या बोटीही मुंबईहून निघून कराचीला थांबत. आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडचे किती तरी लोक या बोटींवर खलाशी, टंडेल, सारंग, भंडारी म्हणून होते. त्यांना कराचीचे बंदर भाऊच्या धक्क्याइतकेच परिचयाचे. त्यातूनच कित्येक कोकणी मुस्लिम घराणी कराचीत स्थायिक झाली. मराठी हिंदू कुटुंबेही तेथे होती. आजही कराचीत थोडी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत आणि कोकणी मुसलमानांची वस्तीही आहे.

माझी मोठी फुफी १९४६ च्या थंडीत निकाह होऊन अशाच बोटीने कराचीला गेली. फुफाजी तेथे बंदरावर कारकून होते. आमच्या दादीने मुलगी एवढ्या लांब द्यायला आधी नकार दिला होता. तेव्हा दादाने तिची समजूत घातली ती अशी : "अगं, मुंबईहून आपल्या गावी पोचायला बोट आणि बैलगाडी मिळून जेवढा वेळ लागतो, त्याहून कराची ती काय लांब? सकाळी तार आली तर परवा आपण तिच्या दारात." दादीला ते पटले. आमच्या कोकणात अंतर मैलांनी मोजत नसत. एखाद्या घरी मुलगी द्यायची की नाही हे ठरवताना म्हातारी माणसे एवढेच पाहत की, वेळ आली तर मातीला पोचता येईल का? पोचता येत असेल तर ते घर जवळचे.

पत्रांचे विमान

आता या मार्गावरील सर्वांत गाजलेला प्रवास. १९२९ मध्ये इंग्लंडहून कराचीपर्यंत इम्पीरियल एअरवेजची विमानडाक सुरू झाली. वाटेत एक तुकडा आगगाडीचा होता, तरीही सात दिवसांत लंडनचे पत्र कराचीला येऊ लागले. कराची हे तेव्हा हिंदुस्थानचे हवाई प्रवेशद्वारच झाले. 'आर-१०१' नावाचे अवाढव्य वायुपोत इंग्लंडहून येणार म्हणून तेथे एक प्रचंड शेड बांधली गेली. पण ते १९३० च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्येच कोसळले आणि शेड रिकामीच राहिली.

त्याआधी १९२९ सालीच आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान चालवत प्रवास पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड मिळणार होते. तिघे तरुण पुढे आले. मनमोहनसिंग आणि कराचीत राहणारा अस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून निघाले, तर जे. आर. डी. टाटा उलट दिशेने कराचीहून निघाले. अस्पी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. इजिप्तमध्ये अबुकीर येथे टाटा आणि अस्पी यांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून बसले होते. टाटांनी आपल्या जवळचे प्लग त्याला दिले. अस्पीने त्यांना आपले लाइफ जॅकेट दिले. शर्यत अस्पीने जिंकली. ज्याच्याशी स्पर्धा आहे त्यालाच आपल्याजवळचा प्लग काढून देणारा माणूस हरला असे कोण म्हणेल? अस्पी पुढे स्वतंत्र भारताचे हवाई दलप्रमुख झाले. म्हणजे कराचीत वाढलेला एक मुलगा आपल्या हवाई दलाच्या सर्वोच्च जागी पोचला, हेही मुलांनी नोंदवून ठेवावे.

विमानडाक कराचीला सात दिवसांत येई, पण पुढे मुंबई-मद्रासला जायला तिला आगगाडीचाच आधार. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांनी आखली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टाटा एका इंजिनाच्या छोट्या 'पस मॉथ' विमानातून पत्रांच्या थैल्या घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी डाक बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. अहमदाबादचे वळण धरून हवाई अंतर हजार किलोमीटरच्या वर. विद्यार्थी मित्रांनो, पेन्सिल घेऊन भागाकार करा : साडेसहा तास हवेत आणि थोडा वेळ अहमदाबादला. वाटेत रेडिओ नाही, बत्ती नाही. खालच्या नद्या आणि रूळ पाहत विमान हाकायचे. जुहूचा तळ पावसाळ्यात चिखलात बुडे, म्हणून त्या चार महिन्यांत पुण्याला उतरावे लागे.

आपण ज्याला एअर इंडिया म्हणतो तिचा जन्म हा असा झाला; आणि तो मुंबईत की कराचीत, असा वाद घालणाऱ्याला दोन्ही शहरांची नावे एका दमात घ्यावी लागतात. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी तेवढ्याच जुन्या धाटणीच्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. मधल्या काळात दोन देश झाले होते, युद्धे झाली होती. तरी एका म्हाताऱ्या वैमानिकासाठी दोन्ही सरकारांनी वाट मोकळी केली.

फाळणीनंतर

१९४७ च्या ऑगस्टमध्ये हे एका मुलखातील दोन भाग राहिले नाहीत. त्या शरद ऋतूत आणि पुढच्या वर्षी कराची-मुंबई बोटी दोन्ही दिशांनी माणसांनी भरून जाऊ लागल्या. तिकडून सिंधी हिंदू कुटुंबे आली. त्यांतील हजारो लोक कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. इकडून मुंबई, गुजरात आणि काठेवाडातील मुसलमान कुटुंबे गेली. दोन्हीकडच्या माणसांच्या हातांत कुलूप घातलेल्या घरांच्या किल्ल्या होत्या. आपली बोट सुटली आहे पण परत येऊ, असे दोघांनाही वाटत होते. म्हणून उल्हासनगरच्या म्हाताऱ्याचे दुःख आणि कराचीतील आमच्या फुफीच्या शेजारणीचे दुःख यांत फरक करू नये, असे मी मुलांना सांगत आलो.

सुरुवातीला तिकीट काढले की जाता येत असे. जुलै १९४८ मध्ये परमिट आले. ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. विमाने मात्र सुरू होती. त्या काळच्या डकोटा विमानाला हे अंतर कापायला तीन-सव्वातीन तास पुरत. गंमत पाहा, विज्ञान वेळ कमी करीत होते आणि कागद ती वाढवीत होते. घड्याळेसुद्धा वेगळी झाली. १९५१ मध्ये पश्चिम पाकिस्तानने आपली वेळ भारताच्या अर्धा तास मागे नेली. त्यामुळे मुंबईहून दुपारी चारला निघून दीड तास उडालेला प्रवासी कराचीच्या घड्याळाप्रमाणे पाचलाच पोचतो; आणि तिकडून सहाला निघालेला मुंबईत आठला उतरतो. जाताना एक तास आणि येताना दोन तास! परीक्षेत हे उदाहरण आले तर गोंधळू नका; उड्डाण दोन्ही वेळा दीड तासाचेच आहे.

फुफी १९५६ आणि १९६१ अशी दोनदा माहेरी आली. दुसऱ्या वेळी तिने दादीसाठी हैदराबादी बांगड्या आणि माझ्यासाठी कचकड्याचे विमान आणले होते. त्यानंतर सप्टेंबर १९६५ चे युद्ध झाले. राजस्थानच्या वाळवंटातील रेल्वेमार्ग तुटला तो तुटलाच. १९७१ च्या फेब्रुवारीत भारतीय विमानाच्या अपहरणानंतर भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमाने जाऊ देण्याचे बंद केले. तेव्हा कराचीहून ढाक्याला जाणारे विमान संपूर्ण हिंदुस्थानला वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागले. त्याच डिसेंबरात युद्ध झाले आणि टपालही थांबले.

आमची दादी गेली ती १९७३ च्या रमजानमध्ये. शेवटचे आठ दिवस ती दाराकडे पाहत होती. "कराचीची बोट आली का?" एवढेच विचारीत होती. कराचीला पत्र जात नव्हते, तार जात नव्हती. माझा चुलतभाऊ कुवेतमध्ये नोकरीला होता. त्याला पत्र लिहिले, त्याने तेथून कराचीला लिहिले. फुफीला आईच्या मृत्यूची खबर मिळाली तेव्हा दादीच्या कबरीवर गवत उगवून आले होते. सकाळी तार आली तर परवा दारात, असे दादाने जिला सांगितले होते, तिच्या मुलीची ही गत झाली. आकाशातून ८७५ किलोमीटर, आणि वेळ एक महिना सहा दिवस.

मार्ग उघडतात, मिटतात

जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर हळूहळू गाठी सुटू लागल्या. १९७४ मध्ये टपालाचा करार झाला. १९७६ मध्ये विमाने पुन्हा सुरू झाली. १९८३ मध्ये फुफी बावीस वर्षांनी आली. या वेळी जेट विमान होते. "बसले, चहा घेतला, कप परत दिला, तो मुंबई आली," असे ती सांगत होती आणि सांगता सांगता रडत होती. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन ती दादीच्या कबरीजवळ फातेहा पढली.

पुढचा इतिहास तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे. १९९४ मध्ये कराचीतील भारतीय वकिलात बंद झाली. तेव्हापासून कराचीच्या माणसाला भारताच्या व्हिसासाठी इस्लामाबादच्या कचेरीकडे पाहावे लागते आणि मुंबईच्या माणसाला पाकिस्तानच्या व्हिसासाठी दिल्लीकडे. कराची-इस्लामाबाद अंतर अकराशे किलोमीटरच्या वर, मुंबई-दिल्लीही तेवढेच. म्हणजे पावणेनऊशे किलोमीटरचा प्रवास करण्याची परवानगी मागायला दोघांनाही त्याहून लांब, उलट दिशेने जायचे!

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून विमाने बंद पडली. १ जानेवारी २००४ पासून ती पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये तर एकेचाळीस वर्षांनी वाळवंटातील ती रेल्वेही 'थर एक्स्प्रेस' या नावाने जोधपूर आणि कराची यांच्यामध्ये धावू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पुन्हा थांबली. त्याच वर्षी फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची क्रूर हत्या झाली. त्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि ही मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. मुंबई-कराची थेट विमान तर त्याच्या आधीच बंद पडलेले होते.

मग आज जायचेच झाले तर? व्हिसा मिळाला असे समजू, कारण तो मिळणेच दुर्मीळ. मुंबईहून दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबईहून कराची सुमारे ११९० किलोमीटर. एकूण ३१२० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीन पटींहून अधिक. हवेतील वेळ पाच तासांचा, आणि दुबईला दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात जाणारा वेळ वेगळाच. शेजाऱ्याच्या घरी जायला तिसऱ्या गल्लीला वळसा घालायचा, तसा हा प्रकार.

याहून कठीण वाट आपल्या मच्छीमार बांधवांची आहे. समुद्रात रेघ मारलेली नसते. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी आणि कोळी तरुण मासळीमागे जाता जाता पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षे अडकून पडतात. तिकडचे मच्छीमार तसेच आपल्याकडे अडकतात. सुटका झाल्यावर आपल्या लोकांना कराचीहून आगगाडीने लाहोरला नेत, तेथून वाघा-अटारीवर चालत सरहद्द ओलांडायची, मग अमृतसरहून पुन्हा आगगाडीने घरी. तीन हजार किलोमीटरच्या आसपासचा हा फेरा. ज्या समुद्रातून पकडले तो समुद्र त्यांच्या दारातच आहे!

यातून काय घ्यावे?

वाचकहो, कोणी म्हणेल की देशाची सुरक्षितता मोठी आहे. निरपराध माणसे मारली जात असताना विमाने कशी चालू ठेवायची? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी हलके मानत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा जण कराचीहून समुद्रमार्गेच आले होते. त्या रात्री मारले गेलेल्यांत सर्व धर्मांची माणसे होती, आपलीही होती. ज्या पाण्याने आमच्या फुफीची बोट नेली त्याच पाण्याने मारेकरी आले, हे विसरून इतिहास लिहिता येणार नाही. सरकारने दार लावले तर त्याला कारण आहे. पण दार लावले म्हणून दारापलीकडचे घर दूर गेले असे मुलांना शिकवू नये. नकाशावरचे अंतर खरे सांगावे, दार का लागले तेही खरे सांगावे, आणि ते आधी किती वेळा उघडले होते हेही सांगावे. १९७६ मध्ये उघडले, २००४ मध्ये उघडले. अर्धेच सांगितले तर तो इतिहास होत नाही.

फुफी २०२१ मध्ये कराचीत वारली. माझ्या नातीने मोबाइलवर तिचा चेहरा दाखवला. खबर यायला एक मिनिटही लागले नाही. १९७३ मध्ये एक महिना सहा दिवस लागले होते. विज्ञानाने केवढी मजल मारली! पण मातीला आमच्यापैकी कोणी पोचले नाही. दादीच्या मोजपट्टीने पाहिले तर कराची तेव्हाही दूर होती, आजही दूरच आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात असे एखादे जुने पत्र, बोटीचे तिकीट, परमिटचा कागद किंवा फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका. मुलांना जवळ बसवा आणि त्यामागची हकिकत तारखेसह लिहून काढायला सांगा. फुशारकी नको, रडगाणेही नको. जे घडले तेच लिहावे. आपल्या घरांचा इतिहास आपण लिहिला नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक उदाहरण घरी सोडवायला देतो. दोन शहरांमधले अंतर ८७५ किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर आहे. तर प्रवासाला किती वेळ लागेल? उत्तर काढताना भागाकार जरूर करा. मात्र त्याखाली आणखी एक ओळ लिहा : कोणत्या साली?